इंगरबाईंचा नियम

वॉलेन तळ्याकाठच्या जनावरांच्या दवाखान्यात एक नियम होता, आणि तो खुद्द डॉक्टर इंगरबाईंनीच घालून दिला होता. कुणी टाकून दिलेलं, कुठे हरवलेलं, बेवारस जनावर दवाखान्यात बरं झालं, की त्याला घरी न्यायला माणसं यायची. ज्या माणसाच्या हातचं जनावर आपणहून खाईल, त्याच्याच घरी ते जायचं. नाही खाल्लं, तर नाही. मग तो माणूस गावात कितीही मोठा असो.

एकदा पाद्रीबाबांना तिथली एक करडी मांजर हवी होती. त्यांनी मासा आणला, मलई आणली, गुडघे टेकून बसले. मांजरीने ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंनी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी क्षमा या विषयावर प्रवचन दिलं आणि सगळा वेळ बाईंच्या बाकाकडे बघत होते, असं मार्लिस सांगते. मार्लिस दवाखान्याच्या काउंटरवर बसते. तिच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण हे खरं असावं.

आता मात्र हाच नियम बाईंच्या गळ्याशी आला होता. कारण त्यांना टेटर हवा होता, आणि टेटर साऱ्या दुनियेच्या हातचं खात होता, फक्त इंगरबाईंच्या हातचं सोडून.

टेटर आला तो फेब्रुवारीत, बर्फ सारणाऱ्या ट्रकमधून. हायवेच्या कडेला ड्रायव्हरला दिसला. पिवळट तपकिरी, मध्यम अंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. उजव्या पुढच्या पायाची कातडी कोपरापासून खाली सोलून निघालेली. गाडीने फरपटत नेलं असणार. दुसऱ्या कुणा डॉक्टरने पाय काढून टाकला असता, आणि त्यात चूकही नव्हतं. तीन पायांची कुत्री मजेत पळतात. बाईंनीही सुरी हातात घेतली होती. पण त्यांनी पंजाची बोटं चाचपली, तर ती गरम लागली, म्हणजे रक्त अजून फिरत होतं. मग त्या म्हणाल्या, "राहू द्या. बघू."

ते 'बघू' फार महाग पडलं. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पट्टी बदलायची. जुनी पट्टी मांसाला धरून बसलेली असायची. ती कितीही भिजवली तरी मांस ओढूनच सुटायची. ग्वेन, दवाखान्याची तंत्रज्ञ, कुत्र्याला मागून कवेत धरायची. टेटर पाय पोटाखाली दडपून ठेवायचा. तो बाईंना रोज ओढून काढावा लागायचा. मग धुणं, मेलेलं मांस खरवडणं, मध भरणं, नवी पट्टी. टेटर चावला नाही कधी. भिंतीकडे तोंड करून थरथरत राहायचा. ते चावण्यापेक्षा वाईट होतं.

गंमत अशी की कवेत घट्ट धरणाऱ्या ग्वेनवर त्याचा काही राग नव्हता. ती सुटका झाल्यावर बिस्किट द्यायची, ते तो घ्यायचा. मार्लिसवर तर त्याचा जीवच जडला. आल्या दिवशी, पाय असा लोंबत असताना, त्याने तिच्या टेबलाखालच्या पिशवीतला डबा उघडून दुपारचं जेवण फस्त केलं होतं. कुरकुरीत बटाट्याचे गोळे घातलेलं ते खिम्याचं जेवण मार्लिस आठवड्यातून तीनदा आणते. बटाट्याला तिथे लाडाने टेटर म्हणतात, म्हणून हा टेटर. मार्लिस रागावली नाही. उलट, "माझ्या हाताला चव आहे हे कळणारा या इमारतीत हा पहिलाच," म्हणाली.

पोस्टमन, औषधांचे खोके आणणारा, वासरू दाखवायला आलेला शेतकरी, सगळ्यांच्या हातचं टेटर खायचा. पाद्रीबाबांच्या हातचंसुद्धा त्याने खाल्लं, आणि ते त्यांनी बाईंना मुद्दाम आत येऊन सांगितलं. पण बाई खोलीत शिरल्या की तो खुर्चीखाली. बाईंनी हात पुढे केला की मान भिंतीकडे.

पाय मात्र बरा झाला. एप्रिलच्या सुरुवातीला, तळ्यावरचा बर्फ काळा पडून कडांना सुटायला लागला तेव्हा, शेवटची पट्टी निघाली. खाली गुलाबी, नवी, केस नसलेली कातडी. कुणी मालक पुढे आला नव्हता. ज्या दिवशी पट्टी निघाली, त्याच संध्याकाळी बाई ट्रक घेऊन गावच्या चारा-बियाण्यांच्या दुकानात गेल्या आणि कुत्र्याचं एक अंथरूण विकत घेऊन आल्या.

खरं सांगायचं तर बाई एकट्या पडल्या होत्या. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्याचं दुःख आता जुन्या कोटासारखं अंगवळणी पडलं होतं. पण त्यांची शेवटची कुत्री गेली, त्यानंतर त्यांनी दुसरं जनावर घरी आणलं नव्हतं. दिवसभर चाळीस जनावरं हाताखालून जायची आणि संध्याकाळी दार उघडलं की आत फक्त फ्रिजचा आवाज. बाईंना टेटर हवा होता. त्या पडक्या कानासकट हवा होता. एवढी साधी गोष्ट होती, पण बोलायची त्यांना लाज वाटत होती.

बोलावं लागलंच नाही. मार्लिसने ते अंथरूण ट्रकमध्ये पाहिलं.

"इंगर, ते मागच्या सीटवर काय आहे गं?" तिने काउंटरवरूनच विचारलं. समोर मांजरीची टोपली घेऊन माणसं बसलेली.

"काही नाही."

"काही नाही कसं? चांगलं गुबगुबीत आहे. तुझ्या संधिवातासाठी आणलंस का?"

"मार्लिस, फोन वाजतोय."

"वाजू दे. तो रोजच वाजतो. डॉक्टरीणबाईचा जीव कुठे अडकला ते रोज कळत नाही."

जीव अडकला खरा, पण पेच मोठा होता. दुपारी ग्वेनने तो उघड केला. ग्वेन अंगाने दणकट, बोलायला मोजकी. तिला खोटं बोलता येत नाही आणि गोड बोलणं खोटं वाटतं.

"डॉक्टर, ट्वीटनांचा फोन आला होता. डेल आणि नोरीन. शुक्रवारी टेटरला बघायला येतायत."

बाई हात धूत होत्या. नळ तसाच वाहत राहिला.

"ओटो गेल्यापासून नोरीन जेवत नाही नीट, असं डेल म्हणाला," ग्वेन पुढे म्हणाली. "माणसं चांगली आहेत. शेत आहे, मोकळं अंगण आहे. मी हो म्हटलं."

ओटो ट्वीटनांचा म्हातारा कुत्रा. जानेवारीत बाईंनीच त्याला शेवटची सुई दिली होती, ट्वीटनांच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या गोधडीवर. या माणसांविरुद्ध मनात काही आणणंसुद्धा पाप होतं.

"बरं केलंस," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला हवाय ना तो?"

"हवा असून काय होतंय?"

"शुक्रवारपर्यंत तुमच्या हातचं खाल्लं, तर तुमचा. नाही तर त्यांचा." ग्वेनने टॉवेल पुढे केला. "नियम मी नाही केलेला."

मग त्या आठवड्यात दवाखान्यात जे चाललं, ते बघायला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. बाईंनी पांढरा कोट काढला. नवऱ्याचा जुना लोकरी शर्ट घातला. बूट बदलले. औषधी साबण सोडून घरच्या साबणाने हात धुतले. पहिल्या दिवशी बेकन आणलं, दुसऱ्या दिवशी कोंबडीची काळजं तळून आणली, त्यांचा वास असा पसरला की वेटिंगमधले दोन शिकारी कुत्रे मालकांना ओढत काउंटरपर्यंत आले. टेटर खुर्चीखाली बसून राहिला. बाई जमिनीवर मांडी घालून, हात पुढे करून, आवाजात साखर घोळून म्हणायच्या, "ये. ये रे. शहाणं माझं बाळ."

आणि टेटर शहारायचा. अंगावर गार पाणी पडल्यासारखा.

"तो काळजांना नाही म्हणतोय," मार्लिस दारातून म्हणाली. "तुला म्हणतोय."

"तू जा बघू."

"जाते. पण तुझ्यानंतर ती काळजं माझ्याकडे दे. माझ्या हातून खाईल तो."

आणि खरंच खाल्ली त्याने. मार्लिसच्या हातून, एकेक करून, शेपूट आपटत. बाईंनी ते आतून पाहिलं आणि एका मांजरीच्या कानात थेंब घालायला निघून गेल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी मांजरीच्या अंगावर ढकललं. "या मांजरींचे केस फार," म्हणाल्या.

बुधवारी सकाळी उलगडा झाला, तोही भलतीकडूनच.

मार्लिस फोनवर होती. दवाखान्याच्या फोनवर नाही, स्वतःच्या. तिकडून तिचा नातू बोलत होता, ज्याला सध्या घरात शी-शू भांड्यात करायला शिकवणं चाललं होतं. टेटर नेहमीप्रमाणे तिच्या पायांवर हनुवटी टाकून झोपलेला. बाई पलीकडच्या खोलीच्या दारात एका खोक्यावरचं लेबल वाचत उभ्या होत्या.

"काय म्हणतोस? आपणहून? भांड्यात?" मार्लिस ओरडली. आणि मग लाडात येऊन, सूर लावून म्हणाली, "शहाणं माझं बाळ!"

टेटर झोपेतून ताडकन उठला. उभा कान मागे गेला. तो मार्लिसच्या पायांवरून उडी मारून कागदाच्या खोक्यांमागे शिरला, आणि तिथून फक्त त्याची थरथरती शेपटी दिसत राहिली.

"अगं बाई! याला काय झालं?" मार्लिस खाली वाकली. "टेटर, मी आहे रे. मी!"

बाईंच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी हळूच सरकून जागेवर बसलं. त्या मागच्या खोलीत गेल्या. तिथे पिंजऱ्यात सिनेटर नावाचा एक जाडजूड बोका होता, दात साफ करायला आलेला. चांगला पहुडला होता, पंजे चाटत होता. बाईंच्या आणि त्याच्यामध्ये दहा हातांचं अंतर. त्यांनी दारातूनच, अगदी हळू आवाजात म्हटलं, "शहाणं माझं बाळ."

सिनेटरचे कान डोक्याला चिकटले. तो मागे सरकत सरकत कोपऱ्यात गेला आणि तिथून फिस्कारला.

ग्वेन औजारं पुसत होती. "डॉक्टर, परत म्हणू नका," ती म्हणाली. "तो मुतेल."

"ग्वेन, मी हे कधी म्हणते?"

"काय?"

"हेच. शहाणं माझं बाळ."

ग्वेनने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. "सुई टोचायच्या आधी. नख कापताना जिवंत भागाशी आलात की तेव्हा. पट्टी ओढायच्या आधी." ती थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, मला इशारा म्हणून म्हणता. तुम्ही 'शहाणं' म्हटलंत की मी मान घट्ट धरते."

बाई स्टुलावर बसल्या.

तीसएक वर्षं. आधी वडिलांच्या गोठ्यातल्या गाईंना त्यांची आई असं म्हणायची, धार काढताना. तिथून ते त्यांच्या जिभेवर आलं. डॉक्टर झाल्यावर प्रत्येक घाबरलेल्या जनावराला, नेमकं त्याला दुखवायच्या आधी, त्यांनी ते शालीसारखं पांघरवलं होतं. मालकांना ते फार आवडायचं. मालक म्हणायचे, किती मायेने बोलतात बाई. मालकांना सुई टोचत नव्हती.

"म्हणजे मी गावभरच्या जनावरांना गोड बोलून धमकी देत होते," बाई म्हणाल्या.

"असं नाही म्हणता येणार," मार्लिस दारातून म्हणाली. तिला एकही गोष्ट सुटलेली चालत नाही. मग जरा विचार करून म्हणाली, "पण हो. तसंच."

बाईंना हसूही आलं आणि रडूही आलं. रडू जास्त आलं. घरोघरची कुत्री आपल्याला पाहून सोफ्यामागे जातात ती डॉक्टरच्या वासामुळे, असं त्यांना वाटायचं. सगळ्याच डॉक्टरांचं तसं होतं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, अशी त्यांनी समजूत घातली होती. आता कळलं की वासाचा नव्हे, आपल्या सगळ्यात मायेच्या शब्दाचा त्यांनी धसका घेतला होता.

"आता काय करणार?" ग्वेनने विचारलं.

"तोंड बंद ठेवणार."

"तुला जमायचं नाही," मार्लिस म्हणाली. "त्यापेक्षा शिव्या दे. शिव्या तू कुणाला टोचताना दिलेल्या नाहीस."

आणि हेच औषध लागू पडलं. त्या दिवशी दुपारी बाई पुन्हा जमिनीवर बसल्या, पण या वेळी टेटरकडे पाठ करून. हातात काही नाही. खिशात बिस्किटं. आणि भिंतीकडे बघत त्या शेजारणीशी कुरकुर करावी तशा कुरकुरत राहिल्या. "मेल्या चोरा. मार्लिसचा डबा खाल्लास. आयता बटाटा. कानसुद्धा धड दोन्ही उभे करता येत नाहीत. ऐदी. गाढवा. तुझ्यामुळे माझे गुडघे गेले, कळतंय का तुला? आता मला उठवणार कोण?"

खुर्चीखाली शांतता. मग नखांचा हलका टकटक आवाज. बाईंनी मान वळवली नाही. "उपटसुंभ," त्या हळूच म्हणाल्या. पाठीला गरम श्वास लागला. लोकरी शर्ट कुणीतरी नाकाने हुंगून पाहत होतं, वरपासून खालपर्यंत, मग खिशापाशी जरा जास्त वेळ.

बाईंनी अगदी हळू बिस्किट काढून तळहातावर ठेवलं. हात पाठीमागे नेला. टेटर दोन पावलं मागे गेला आणि तिथेच बसला. खुर्चीखाली नाही. तिथेच, हाताच्या अंतरावर. पण बिस्किट त्याने घेतलं नाही.

गुरुवारी सगळा दिवस बाईंनी वेळ मिळेल तसा तिथे काढला. मधेच एका गाईचं अडलेलं वासरू ओढून आल्या, अंगाला शेणाचा वास होता, तो टेटरला फार पसंत पडला. त्याने त्यांची बाही चाटली. संध्याकाळी तो त्यांच्या पाठीला पाठ लावून पडला. बाई हलल्या नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी हलल्या नाहीत. पण हाताकडे तो येत नव्हता. तो हात त्याला ठाऊक होता. त्या हाताने काय केलं ते त्याने रोज पाहिलं होतं. तळहातावर बिस्किट असो की सोनं असो, हात तोच होता.

"अजून एक आठवडा मिळाला असता, तर," मार्लिस म्हणाली.

"ट्वीटनांना सांगू का, पुढच्या शुक्रवारी या म्हणून?" ग्वेनने विचारलं. ग्वेनने असं विचारावं, हीच मोठी गोष्ट होती.

बाईंनी मान हलवली. "पाद्रीबाबांना मी आठवडा दिला नव्हता."

शुक्रवारी दुपारी ट्वीटन नवरा-बायको आले. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून, मोज्यांवर. डेल उंच, टोपी हातात फिरवणारा. नोरीन बारीक झाली होती. तिने लिंबाच्या वड्यांचा डबा मार्लिससमोर ठेवला. कुणाच्या दारी जाताना तिने कधी रिकाम्या हाताने पाऊल टाकलेलं नाही. तिने आत बघितलं, टेटर दिसला, आणि तिचा चेहरा असा उजळला की बाईंनी नजर खाली घेतली.

"याचा कान बघ गं," डेल म्हणाला.

"बघितला." नोरीन गुडघ्यांवर बसली. ग्वेनने तिच्या हातात बिस्किट दिलं. नोरीनने तळहात पुढे केला, आणि टेटर शेपूट हलवत गेला, बिस्किट खाल्लं, तळहात चाटला, आणखी आहे का ते तिच्या बाहीत शोधलं. नोरीन हसली. डेल तिच्याकडे बघत होता, कुत्र्याकडे नाही. तिला बऱ्याच दिवसांनी हसताना बघत होता बहुतेक.

ग्वेनने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "झालं तर मग. तुमचा."

मार्लिसने नाक शिंकरलं. डेलने खिशातून पट्टा काढला. जुना होता, मऊ पडलेला. ओटोचा. नोरीनने तो टेटरच्या गळ्यात अडकवला.

"पायाला थोडे दिवस उन्हात जपा," बाई सांगत होत्या. "केस येतील, पण पांढरे येतील कदाचित. आणि जेवणाचे डबे उंचावर ठेवा, हा चोर आहे." त्यांचा आवाज नीट निघत होता. त्यांना वाटलं, जमलं. मग निरोप घ्यायला त्या जमिनीवर बसल्या, गुडघे कुरकुरले, टेटर पट्ट्याच्या टोकाशी उभा राहून त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यांचं मन असं भरून आलं की जिभेला सवयीचा एकच शब्द सापडला. तीस वर्षं तोच सापडत आला होता.

"शहाणं माझं बाळ," बाई म्हणाल्या.

ग्वेनने डोळे मिटले. मार्लिसने "अगं" म्हणून तोंडावर हात ठेवला. बाईंना तर स्वतःची जीभ तोडून टाकावीशी वाटली. निरोपाला, शेवटचं म्हणून, त्यांनी त्याला नेमकं हेच दिलं होतं.

टेटर शहारला. कान मागे गेले. अंग डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरायला लागलं. नोरीनने पट्टा सैल सोडला, खुर्चीखाली जायचं असेल तर जाऊ दे म्हणून.

तो खुर्चीखाली गेला नाही. पोट जमिनीला घासत, पट्टा मागे ओढत, तो बाईंकडे आला. त्यांच्या समोर बसला. तोंड भिंतीकडे वळवलं, रोज वळवायचा तसं. आणि जो पाय बाईंना रोज सकाळी पोटाखालून ओढून काढावा लागायचा, तो उजवा पाय त्याने आपणहून उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

वेटिंगमधला ससासुद्धा गप्प होता, अर्थात ससे गप्पच असतात.

बाईंनी दोन्ही हातांत तो पाय धरला. गुलाबी, गरम, थरथरणारा. तो वाट बघत होता.

"काय करतोय तो?" डेलने विचारलं.

"पट्टी बदलायची वेळ झाली असं वाटतंय त्याला," ग्वेन म्हणाली. "त्याने स्वतःहून कधी दिला नव्हता पाय."

नोरीन उठून उभी राहिली. "हे तुम्ही ओटोलाही म्हणाला होतात," ती बाईंना म्हणाली. "शेवटच्या वेळी. चुलीपाशी."

बाईंनी वर पाहिलं. "मला ठाऊक नव्हतं, नोरीन. मला हे परवा कळलं, की त्यांना ते..."

"तो नव्हता घाबरला," नोरीन म्हणाली. "म्हातारा झाला होता, त्याला ऐकूच येत नव्हतं. मला ऐकू आलं. त्या शब्दांचाच आधार धरून बसले आहे मी जानेवारीपासून." तिने डोळे पुसले आणि हातातलं पट्ट्याचं टोक बघितलं, मग वाकून ते बाईंच्या मांडीवर, कुत्र्याच्या पायाशेजारी ठेवलं. "माझ्या हातचं त्याने खाल्लं हो. पण हा काय, पोस्टमनच्या हातचंही खातो म्हणे."

"पाद्रीबाबांच्यासुद्धा," मार्लिस म्हणाली.

"मग काय. चल डेल."

"अगं पण," डेल म्हणाला. टोपी फिरवायची थांबली होती.

"दुसरा मिळेल आपल्याला. आपल्या मांडीवर पाय ठेवणारा." नोरीनने बाईंकडे बघून मान हलवली. "पट्टा राहू द्या त्याच्याच गळ्यात. चांगला आहे. वड्या आजच संपवा, ओल्या पडतात."

ते गेले. बाहेर बूट चढवताना डेलचा एक पाय चिखलात पडला, तो काहीतरी पुटपुटला आणि नोरीनचं हसणं दारातून आत आलं.

ग्वेनने औजारांचा ट्रे उचलला, परत ठेवला. "नियम खाण्याचा आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "असू दे," आणि मागे निघून गेली.

बाई जमिनीवरच होत्या. टेटर अजून भिंतीकडे तोंड करून, अंग आखडून बसला होता. आता ओढतील, आता दुखेल. बाईंनी पाय तसाच धरून ठेवला. करायचं काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने टेटरने मान वळवली आणि आधी आपल्या पायाकडे, मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"गाढवा," बाई म्हणाल्या, आणि पाय अलगद खाली ठेवला.